कागद हरवलेला नाही, तो पान ६३ वर आहे

आदरणीय काका, नमस्कार.

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. एक तारा, आणि खाली लिहिलंय, "सोसायटीचे चाळीस वर्षांचे कागद यांच्याकडे स्कॅनिंगला दिले. १९९७ च्या सभेचा ठरावच गायब आहे. शोधलं तर एकतर शून्य नाहीतर हजार निकाल येतात. पैसे पाण्यात गेले आणि ऐन वेळी फोनही उचलत नाहीत." वार्षिक सभेत सगळ्या सभासदांसमोर तुमची अडचण झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागते. त्यात आमचीही एक चूक आहे, ती खाली लिहिली आहे.

पण "गायब" हा शब्द फार लागला, काका. आज सकाळीच एका दुसऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला, "तुमच्याकडे कागद हरवतात म्हणे." पुढच्या आठवड्यात त्यांचं काम सुरू व्हायचं होतं. लोक आमच्यासारख्यांकडे आपल्या घराचे कागद सोपवतात ते केवळ विश्वासावर. तुमच्या ४६ फायली टेंपोतून आल्या तेव्हा मी आणि आमची ताई, दोघींनी दीड दिवस बसून एकेक पान मोजलं. ११,२४० पानं भरली. तुमच्या खजिनदारांनी पोचेवर सही केली. परत देताना पुन्हा मोजून दिली, पुन्हा सही घेतली. दोन्ही पोचा आत्ता माझ्या टेबलावर आहेत. तुमचा गच्चीच्या गळतीचा ठराव क्रमांक ७, दिनांक १४ सप्टेंबर १९९७, इतिवृत्ताच्या दुसऱ्या वहीत पान ६३ वर आहे. सोमवारी दुकान उघडल्यावर सहा मिनिटांत तो काढून तुम्हाला पाठवला. तुम्ही तो पाहिलात, निळी टिक आली. अभिप्राय त्यानंतरचा आहे.

शनिवारी रात्री तुम्ही जे फोटो पाठवलेत त्यावरून तुम्ही काय शोधलंत ते कळतं. पहिल्यांदा "टेरेस वॉटरप्रूफिंग" टाकलंत, शून्य आलं. मग "दुरुस्ती" टाकलंत, १,१४६ आले. तुम्ही चिडलात हे मी समजू शकते, पण दोन्ही वेळा सिस्टिमने खरंच सांगितलं होतं.

शून्य आलं कारण "टेरेस" हा शब्द तुमच्या त्या काळच्या कागदांत कुठेच नाही. तेव्हाच्या सचिवांनी सगळीकडे "गच्ची" लिहिलंय. आणि पान ६३ निळ्या शाईत हाताने लिहिलेलं आहे, मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली. आम्ही ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने अक्षरं ओळखून घेतो. तो छापील मजकुरासाठी बनवलेला आहे, हस्ताक्षरासाठी नाही. "गच्चीवरील गळतीबाबत" या ओळीचं त्याने "गन्त्रीवरोल गळनी" केलंय. अशा पानावर कुठलाही शब्द टाका, ते वर येणार नाही. शून्य निकालाचा अर्थ "हा शब्द वाचलेल्या मजकुरात नाही" एवढाच. कागद नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि हे मी आज सांगत नाहीये. कोटेशनमध्ये दोन दर होते. छापील पानांना सव्वादोन रुपये, आणि हस्तलिखित इतिवृत्तांची प्रत्येक ठरावाचा विषय टाइप करून सूची हवी असेल तर त्या पानांना वर नऊ रुपये. इतिवृत्ताच्या पाच वह्या मिळून ९०० पानं होत होती, म्हणजे ८,१०० रुपये. कमिटीच्या बैठकीत तुम्हीच म्हणालात, "आम्हाला मराठी वाचता येतं, सूची कशाला?" तुमचा निर्णय होता, मी काही बोलले नाही. तरी त्या वह्यांना आम्ही साल आणि सभेची तारीख लावून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. सोमवारी मी त्याच तारखांवरून पान ६३ पर्यंत पोचले.

आता हजारांचं. तुमच्या सोसायटीच्या दर महिन्याच्या देखभाल बिलावर "दुरुस्ती निधी" असा रकाना छापलेला आहे. वर्षानुवर्षांची बिलं तुम्ही स्कॅनिंगला दिलीत, मग दुरुस्ती म्हटल्यावर ती सगळी येणारच. ती वर का येतात तेही सांगते. कागद छोटा असेल आणि त्यात तो शब्द दोनदा असेल, तर यंत्र त्याला जास्त महत्त्वाचा समजतं. लांबलचक इतिवृत्तात तोच शब्द एकदा आला तर ते खाली जातं. म्हणून जो शब्द कमी कागदांत असेल तो टाकायचा. केंब्रिजच्या करेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही कल्पना आहे, शब्द जितका दुर्मिळ तितकं त्याचं वजन जास्त, आणि आजही अनेक शोधयंत्रं तिचा उपयोग करतात. मी दुकान काढण्याआधी अकरा वर्षं ग्रंथालयात सूचीकरणाचं काम केलं, हे तिथेच शिकले.

मी "गळती" टाकलं. २३ निकाल आले. चौथा निकाल १९९८ च्या एका टाइप केलेल्या नोटिशीचा होता. सभासदांना वर्गणी भरायला सांगणारी नोटीस, आणि तिच्यात "ठराव क्र. ७, दि. १४-९-९७ नुसार" असं लिहिलेलं. तिथून तारीख मिळाली, तारखेवरून वही, वहीतून पान. हवा तो कागद पहिल्या फटक्यात मिळत नाही, पण त्याचा पत्ता सांगणारा दुसरा कागद मिळतो, हे डेमोच्या दिवशी मी दाखवलं होतं. त्या दिवशी तुम्हाला यायला जमलं नाही, तुम्ही मॅनेजरना पाठवलंत. ते फोनवर बोलत होते आणि वीस मिनिटांत निघून गेले.

मराठीत आणखी एक अडचण आहे, तीही तेव्हा सांगितली होती. "पाणी" शोधलं तर "पाण्याची टाकी" येत नाही, कारण "पाण्या" मध्ये "णी" राहतच नाही. "रस्ता" आणि "रस्त्याचा" याचंही तेच. फ्लॅट नंबर कुठे मराठी आकड्यांत आहे, कुठे इंग्रजी. २०११ पूर्वीची तुमची पत्रं जुन्या फॉन्टमध्ये होती. पडद्यावर मराठी दिसायची, पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली, त्यामुळे शोधात काहीच येत नव्हतं. अशा ३१२ फायली आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत, करून दिल्या. ते काम बिलात कुठेही नाही.

आता चूक. यादीत प्रत्येक निकालासमोर जी तारीख दिसते ती स्कॅनिंगची आहे, कागदाची नाही. त्यामुळे १९९७ चा कागद आणि २०१९ चा कागद दोन्ही "मार्च २०२५" दाखवतात, आणि तारखेप्रमाणे लावले तरी उपयोग होत नाही. हे कोणालाही गोंधळात टाकेल. आम्ही आधीच बदलायला हवं होतं. त्यावर काम चालू आहे, शब्दांच्या रूपांचंही बघतोय.

फोनचं मात्र राहवत नाही म्हणून लिहिते. तुमचा पहिला फोन २७ सप्टेंबरला शनिवारी रात्री १० वाजून ४० मिनिटांनी आला. सभा रविवारी सकाळी दहाला. घरी घट बसलेले, सासूबाई आजारी, फोन आत चार्जिंगला होता. रविवारी सकाळी सव्वासातला मी उलट फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. आठला पुन्हा केला. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची म्हणून त्या आठवड्यात सगळ्याच सोसायट्यांची घाई असते, प्रत्येकाला मी उत्तर दिलं. विषयपत्रिका तर चौदा दिवस आधी निघते, काका. गच्चीचा विषय त्यात होता. सोमवार ते शुक्रवार कधीही एक फोन केला असता तर मी स्वतः घरी येऊन काढून दिला असता.

तारे किती द्यायचे तो तुमचा अधिकार आहे, ते बदला असं म्हणत नाही. फक्त "गायब" एवढा शब्द काढावात ही विनंती. मॅनेजरऐवजी तुम्ही येणार असाल तर डेमो पुन्हा देईन, पैसे नाहीत. पान ६३ आणि १९९८ ची नोटीस, दोन्हींच्या रंगीत प्रिंट पाकिटात घालून काउंटरवर ठेवल्या आहेत. सोसायटीचं कोणीही येऊन न्यावं. दुकान साडेदहा ते आठ उघडं असतं, गुरुवारी दसऱ्याला बंद.