बुरा म्हणावा की बहर?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुंबईतल्या घरात कशाकशाला बुरा येतो? कपाटातल्या चामडी पट्ट्याला, लग्नातल्या मोजड्यांना, कॅमेऱ्याच्या लेन्सला, झाकण नीट न लागलेल्या पापडाच्या डब्याला आणि पश्चिमेकडच्या भिंतीला तर हक्काने. यातल्या कशाबद्दलही घरात मतभेद होत नाहीत. आई पट्टा उचलते, "बुरा आलाय, पुसून घे" म्हणते आणि विषय मिटतो. सिगारच्या पेटीत मात्र तसलंच पांढरं दिसलं की घरातला चांगला शिकलेला पुरुष अचानक भाविक होतो. "अगं, बुरा काय म्हणतेस? प्लूम आहे तो! सिगार मुरल्याची खूण आहे."

या प्लूमला काही जण ब्लूम म्हणतात, म्हणजे बहर. तंबाखूचं पान वर्षानुवर्षं मुरलं की आतली तेलं हळूहळू वर येतात, वाळून त्यांचे बारीक स्फटिक होतात आणि सिगारवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी चकाकी येते, अशी ही पारंपरिक कथा. कथा गोड आहे. पण अशा बऱ्याच 'प्लूम'ना सूक्ष्मदर्शकाखाली घातल्यावर स्फटिकांऐवजी बुरशीचे तंतू निघालेले आहेत, आणि प्लूम नावाचं काही असतंच का यावर जुनी जाणती मंडळीही हमरीतुमरीवर येतात. माझं आपलं सरळ मत आहे: सिगारच्या माहेरी, क्यूबातल्या हवानात काय होत असेल ते होवो, मुंबईत पांढरं दिसलं की आधी बुरा धरून चालावं. पुरावा द्यायची जबाबदारी प्लूमवर.

तो पुरावा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. खोलीतला दिवा मालवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि उजेड सिगारवर वरून न टाकता बाजूने, पानाला जवळजवळ समांतर सोडा. सराफ डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग असेल तर उत्तमच. बुरशीला उंची असते. बाजूच्या उजेडात तिची सावली पडते, कडेला लव दिसते, कापसाचा बोळा विस्कटावा तशी. ती ठिपक्याठिपक्यांनी येते, इथे एक, तिथे तीन, आणि पानाच्या शिरेवर बसायला तिला विशेष आवडतं. प्लूमचं वर्णन याच्या उलट करतात: सगळ्या पानावर सारखा, सपाट, धुळीसारखा थर, उजेडात कणाकणाने चमकणारा. तुमच्या सिगारवर डाव्या बाजूला पांढरी बेटं आणि उजवी बाजू स्वच्छ असेल, तर तो बहर इतका पक्षपाती का, हे स्वतःलाच विचारा.

मग बोट फिरवा. बोटाला कोरडी भुकटी लागली आणि खाली पान जसंच्या तसं राहिलं तर आशेला थोडी जागा आहे. किंचित चिकट ओढ लागली, रेघ उमटली किंवा पुसल्यावर फिकट करडा डाग मागे राहिला, तर आशा तिथेच संपली. शेवटी नाक. कोंदट, कुबट, पावसात दोन दिवस न वाळलेल्या टॉवेलचा वास आला की वकिली बंद करा. झोंबणारा अमोनियाचा वास मात्र वेगळा. त्याचा बुरशीशी संबंध नाही, ते पान अजून पुरतं मुरलेलं नाही एवढंच. आणि एवढं करूनही शंका उरली, तर ती सिगार पुसून वेगळ्या डब्यात ठेवा आणि आठ दिवसांनी बघा. वर्षानुवर्षांनी येणारा बहर आठवड्यात परत आला, तर तो बहर कसला?

रंग बघून शिक्षा ठरते. वरच्या पानावर थोडी पांढरी बुरशी असेल तर सिगार सहसा वाचते. हिरवी, निळी किंवा काळी असेल तर ती पानात शिरलेली असते, डाग जात नाही. ती फेकायची, किंमत आठवायची नाही. आणि पेटवायचं टोक न विसरता बघायचं. तिथे आत भरलेल्या पानांच्या घड्यांमध्ये पांढरे धागे दिसले तर आतून काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. बाहेरून कितीही पुसली तरी ती धूर करून छातीत घ्यायची वस्तू राहिलेली नाही. तशी ती आधीही फारशी नव्हती म्हणा. 2016 पासून पाकिटांवरचा सचित्र इशारा 85 टक्के जागा व्यापतो, आणि जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रताही साधारण तेवढीच असते.

पेटीच्या तळाशी तपकिरी भुकटी आणि पानाला टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं दिसली, तर आरोपी तिसराच. हा तंबाखूचा किडा. अंडी पानाबरोबरच येतात आणि साधारण 24 अंशांच्या वर उबतात. मुंबईत 24 अंश म्हणजे थंडीची लाट, तेव्हा पुढचं समजून घ्या. उपाय: सिगार दोन झिपच्या पिशव्यांत घट्ट बांधून एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस खाली. एकदम फ्रीझरमध्ये टाकली की पान तडकतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार सिगारवर दव धरतं आणि किडा मेला म्हणेपर्यंत बुरशी जन्मते. शेजारी सुरमई ठेवलेली असेल तर तिसरीही पिशवी घाला. कोणाचा वास कोणाला लागेल हा प्रश्न दोघींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

आता मुळाकडे. सिगारच्या पेटीला ह्युमिडॉर म्हणतात, म्हणजे ओलावा देणारी पेटी. तिच्याबरोबर येणारं माहितीपत्रक हीटर लावून बसणाऱ्या कोरड्या देशातल्या माणसाने लिहिलेलं असतं: स्पंज पाण्यात भिजवून झाकणाला लावा. मुंबईत जूनमध्ये हे इमानेइतबारे करणारे लोक आहेत. दर्याला घागरभर पाणी नेऊन घालण्याचाच हा प्रकार. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता पुरते. 75 च्या वर काही दिवस गेले की बुरशीला आमंत्रण द्यावं लागत नाही. इथे पेटीचं खरं काम ओलावा बाहेर ठेवण्याचं. त्यासाठी नक्षीच्या लाकडी पेटीपेक्षा रबरी कडेचा घट्ट प्लास्टिकचा डबा बरा. दिसायला तो चकल्यांचा डबा वाटतो, हे खरंय. त्यात आर्द्रता 62 किंवा 65 टक्क्यांवर धरून ठेवणारं, ओलावा घेणारं आणि देणारं दुहेरी पाकीट टाका, 25 सिगारना 60 ग्रॅमचं एक. कोरड्या देशात हे पाकीट वाळून कडक होतं. इथे ते उशीसारखं फुगतं, आणि फुगलं की बदलायचं.

लाकडी पेटीतल्या ज्या लाकडाचा वास घेऊन लोक डोळे मिटतात, ते स्पॅनिश सीडर ना स्पेनचं, ना खरं सीडर. मूळ अमेरिका खंडातलं, आणि वनस्पतिशास्त्रात आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. तरीही त्याला बुरशी येते. आली तर सगळ्या सिगार बाहेर काढा, आतलं लाकूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि एसीच्या खोलीत पेटी एक दिवस उघडी ठेवा. गॅलरीत ठेवू नका, तिथूनच तर आली. फिनाइल, डेटॉल, डांबरगोळ्या यांतलं काहीही जवळ आणायचं नाही. लाकूड वास विसरत नाही. सिगार दुसऱ्या खोलीत, खिडकीशी, मऊ मलमलीने किंवा कोऱ्या दाढीच्या ब्रशने पानाच्या वळणाच्या दिशेने पुसायच्या. फडकं वापरलं की फेकायचं, नाहीतर एकीचा बुरा दुसरीला लागतो. मग दोन आठवडे वेगळ्या डब्यात. सेलोफेनची वेष्टनं काढू नका, ती थोडीफार तरी आडकाठी करतात. शिवाय सिगार खरंच जुनी आहे का हे सेलोफेन सांगतं. तंबाखूच्या तेलाने ते वर्षांगणिक पिवळं, मग चहाच्या रंगाचं होतं. वयाचा इतका सरळ पुरावा असताना लोक बुरा कशाला पुजतात कळत नाही.

सगळ्यात जास्त थापा मारतं ते पेटीतलं आर्द्रतामापक, विशेषतः पितळी गोल काट्याचं. ते पारखायला बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पाणी वर तरंगू देऊ नका. झाकण आणि मापक एकाच झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवा. आतली हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते. मापक 71 दाखवत असेल तर पुढे दर वेळी त्यात चार मिळवा.

आणि 75 हाच आकडा का, तर हवा त्याच्या वर गेली की साध्या मिठाला आपोआप पाणी सुटतं. म्हणजे बुरशीची सीमारेषा दाखवणारं यंत्र प्रत्येक स्वयंपाकघरात आहेच, आत तांदळाचे चार दाणे टाकून ठेवलेलं. जेवणाच्या टेबलावरच्या मीठदाणीतून मीठ सुटं पडत असेल तर सिगारचा डबा खुशाल उघडा. त्याचा गोळा झाला असेल तर झाकणाला हात लावू नका.