वाटणी घराची झाली, न्यूट्रलची राहिली

लाईट बिल अचानक वाढलं की आपल्याकडे संशय तीनच जागी जातो. मीटर पळतंय, रीडिंग घेणाऱ्याने चुकीचं टाकलंय, नाहीतर भिंतीपलीकडचा आपली लाईट ओढतोय. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ आणि इकडे येळ्ळूर-कंग्राळी भागात वायरिंगची कामं करत फिरताना हे तिन्ही संशय मी रोज ऐकतो. त्यातला तिसरा मला सगळ्यात जास्त सलतो. कारण आपल्या गल्ल्यांत भिंतीपलीकडे बहुतेक वेळा सख्खा भाऊच राहत असतो.

गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची २०० युनिटांपर्यंत मोफत विजेची योजना, सुरू झाल्यापासून ही भांडणं वाढलीत, त्याचं कारण आधी सांगतो. २०२३च्या ऑगस्टपासून शून्य बिलं यायला लागली. २०२२-२३ या वर्षातला तुमचा महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढी तुमची मर्यादा ठरली. मर्यादेच्या वर पण २००च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. पण २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल भरायचं, पहिल्या युनिटपासून. म्हणजे मर्यादेच्या जरा वर गेलेला १९५ युनिटवाला थोडके पैसे भरतो आणि २०५वाला दीड हजाराच्या पुढे जातो. दहा युनिटांचा फरक, पण गिरणीत नाहीतर दुकानात हिशेब लिहून घर चालवणाऱ्याला तो महिनाभर पुरतो. पूर्वी कुठेतरी पन्नास-साठ युनिट गळत असतील तर ते बिलात मुरून जायचं, कोण बघत नव्हतं. आता तीच गळती माणसाला २००च्या पलीकडे ढकलते. मग घरात शोध सुरू होतो आणि शोधाच्या आधी आरोप.

आता जुन्या घरांचं बघा. आजोबांनी बांधलेलं लांबलचक घर, पुढे सोपा, मग माजघर, मागे परसू. एकच मीटर होतं. पुढे भावाभावांची वाटणी झाली, मधे विटांची भिंत आली, चुली वेगळ्या झाल्या, केईबीत, म्हणजे वीज बोर्डात, अर्ज देऊन दुसरं मीटर घेतलं, दुसरा आर.आर. नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, मिळाला. (केईबी जाऊन पुढे २००२मध्ये हेस्कॉम ही वीज कंपनी आली, तरी आपल्या तोंडी केईबीच आहे.) वाटणीपत्रात आडातलं पाणी, परसातलं नारळाचं झाड, जिन्याचा हक्क, सगळं लिहिलेलं असतं. वायरिंग कुणी लिहीत नाही. वायरमन येतो, नव्या मीटरवरून फेज ओढतो, बोर्डाला जोडतो. दिवे लागले, पंखे फिरले, काम झालं. पण भिंतीतल्या जुन्या जंक्शन बॉक्समधला न्यूट्रल तसाच राहतो, दोघांचा मिळून एक.

याने काय होतं ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी मेख आहे. करंट फेजच्या वायरने घरात येतो, काम करतो आणि न्यूट्रलच्या वायरने परत जातो. जेवढा आला तेवढाच परत गेला पाहिजे, आणि त्याच मीटरमधून. समजा धाकट्याच्या गिझरला फेज त्याच्या स्वतःच्या मीटरमधून आलाय, पण न्यूट्रल भिंतीतल्या बॉक्समधून थोरल्याच्या बाजूला जोडलाय. मग धाकट्याच्या मीटरने येणारा करंट त्या मीटरने मोजला, आणि थोरल्याच्या मीटरमधून परत जाणारा तोच करंट थोरल्याच्या मीटरनेही मोजला. आत्ताची इलेक्ट्रॉनिक मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट बघतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. चोरी पकडता यावी म्हणून ती सोय आहे. पण इथे चोर कुणीच नाही. गिझर एक, आंघोळ एक, आणि युनिट दोन घरांत पडतात. दोन किलोवॅटचा गिझर दिवसाला तासभर चालला तर महिन्याला ६० युनिट. धाकट्याने ते भरले, वर थोरल्याच्या नावावरही चढले. थोरल्याचा स्वतःचा वापर दीडशे असेल तर तो २१० वर गेला, आणि शून्य बिलाची योजना त्या महिन्यापुरती गेली.

चाकाची जुनी मीटरं आठवतात ना, काळ्या पेटीत चांदीची चकती फिरायची ती? ती एकाच वायरचा, म्हणजे फेजचाच करंट मोजायची. त्यामुळे असा अडकलेला न्यूट्रल वर्षानुवर्षं तसाच राहिला तरी थोरल्याच्या बिलात दिसत नव्हता. मीटर बदललं आणि दिसायला लागला. ‘नवीन मीटर पळतंय’ ही जी तक्रार गल्लोगल्ली आहे, तिच्यातल्या बऱ्याच घरांत मीटर बरोबर असतं आणि वायरिंगमधली जुनी खोट नव्या मीटरने उघडी केलेली असते. लोकांना कुणी हे सांगत नाही. ऑफिसात गेलं तर ‘वापर तुमचाच आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ते उत्तर मला मान्य नाही. माणूस म्हणतोय मी एवढं वापरलं नाही, आणि तो खरं बोलतोय.

शहापुरातल्या एका घरात नेमकं हेच होतं. भाऊ-भाऊ बोलत नव्हते. धाकट्याकडे लग्नकार्याच्या वेळी गिझर बसवला आणि तेव्हापासून थोरल्याचं बिल २००च्या वर. सोप्यात दोन मीटरं शेजारीशेजारी. थोरल्याच्या मीटरवर ‘अर्थ’ लिहिलेला बारीक लाल दिवा लागलेला होता; आलेला आणि गेलेला करंट जुळला नाही की तो लागतो. किती दिवस लागलाय म्हणून विचारलं तर कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, “काका, सगळं बंद करा, मग मेन ओढा जरा.” काकांनी डबल पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मेन खाली ओढला आणि भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, “अगं बाई, आमचा गिझर बंद पडला की!” दोन्ही घरं क्षणभर गप्प. मेन काकांचा, आणि बंद पडला पलीकडचा गिझर. आणखी पुरावा लागतच नव्हता. बॉक्स उघडला तर गिझरची काळी वायर थोरल्याच्या न्यूट्रलमध्ये पिळून टेप लावलेली. गिझर बसवणाऱ्याला धाकट्याच्या बोर्डापर्यंत वायर नेण्यापेक्षा जवळचा बॉक्स सोपा वाटला असणार. धाकट्याच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून गिझरपर्यंत स्वतंत्र न्यूट्रल ओढला, अर्थिंग तपासलं, थोरल्याच्या मीटरवरचा लाल दिवा विझला. काम अर्ध्या दिवसाचं. भावाभावांतला अबोला मात्र बिलाच्या आधीपासूनचा असेल, नसेल, तो माझा विषय नाही. पण निदान ‘तू माझी लाईट चोरतोस’ हे वाक्य त्या घरातून गेलं.

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. मेन ओढल्यावर काकांच्या घरात लाईट नाही असं सगळे समजतात. पण त्या क्षणी पलीकडच्या गिझरचा स्विच चालू असेल, तर त्याच्या कॉइलमधून येणारा फेज काकांच्या न्यूट्रलवर येऊन उभा असतो. वायर काळी आहे, मेन बंद आहे, म्हणून कुणी हात घातला तर बसतो झटका. आणि अशा घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, लावला तर तो टिकत नाही, सारखा पडतो. कारण आलेला आणि गेलेला करंट जुळत नाही हेच तर तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक आला की तोडतो. मग घरवाले वैतागतात, आणि आमच्यातलाच कुणीतरी ‘ईएलसीबी खराब आहे’ म्हणून तो काढून थेट जोडून देतो. बाथरूममध्ये लेकरं आंघोळ करतात तिथलं जीव वाचवणारं साधनच आपण काढून टाकतो. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता राग येतो.

सगळ्याच घरांत न्यूट्रलचीच भानगड असते असं नाही, हेही सांगायला पाहिजे. स्वतंत्र बंगला असेल, टिळकवाडीसारखा, तर कारण घरातच असतं. ते शोधायला वायरमनही लागत नाही. मीटरवर एक एलईडी लुकलुकतो, त्याच्याजवळ छापलेलं असतं की एका युनिटला किती वेळा. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. रात्री सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा, इन्व्हर्टरचा प्लग काढा. मेन चालू ठेवा आणि मोबाईलमध्ये एक मिनिट लावून लुकलुक मोजा. काही वापरत नसताना मिनिटाला आठ वेळा लुकलुकलं तर १५० वॅट कुठेतरी जातायत, म्हणजे महिन्याला १०८ युनिट. मग बोर्डातली एकेक एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाईनचा वेगळा स्विच, पाडत जायचं. ज्याला पाडल्यावर लुकलुक थांबली, त्या लाईनवर रोग. सगळ्या एमसीबी पाडूनही थांबली नाही तर न्यूट्रल नाहीतर मीटर, आणि मग मात्र जाणत्या माणसाला बोलवा.

फ्रीज आणि इन्व्हर्टर परत लावून पुन्हा मोजा. दाराचं रबर सैल झालेला जुना फ्रीज दिवसरात्र कॉम्प्रेसर चालवत राहतो. दहाची नोट दारात धरून दार लावा, नोट सहज निसटली तर रबर गेलं. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली की ती कधी भरतच नाही, चार्जिंग अखंड चालू. तळहात ठेवा, बॅटरी कोमट लागेल. ८० वॅटने ती चोवीस तास ओढत असेल तर महिन्याला ५७-५८ युनिट नुसते बॅटरी तापवण्यात. लाईट जायची भीती म्हणून घेतलेली वस्तू रोज लाईट खाते.

आपल्या पावसाळ्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. गच्चीवर सोलर आहे, म्हणून गरम पाण्याचा खर्च नाही असं घरातले धरून चालतात. पण टाकीत पाणी तापवायची विजेची कॉइल असते, साधारण दोन किलोवॅटची, आणि तिचा स्विच बाथरूमबाहेर कुठेतरी, कधीकधी जिन्यात. जूनमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा कुणीतरी तो लावतो आणि ऑक्टोबरपर्यंत तो तसाच राहतो. थर्मोस्टॅट नीट असला तरी अख्खी शंभर-दोनशे लिटरची टाकी रात्रभर पुन्हापुन्हा तापत राहते, आणि आंघोळीला लागतात तीन बादल्या. पावसाळ्यात बिल चढलं आणि दिवाळीनंतर आपोआप उतरलं, तर हा स्विच आधी बघा.

आणि पाण्याची मोटर. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या भागात प्रत्येक घराला खाली संप, म्हणजे जमिनीतली टाकी, आणि गच्चीवर दुसरी टाकी. संपातल्या पाईपच्या तळाशी असलेला फूट व्हॉल्व्ह गळका असला की पाईपमधलं पाणी खाली उतरतं, मोटर फिरत राहते पण पाणी वर चढत नाही. एक एचपीची मोटर तासाला जवळपास एक युनिट खाते. वरच्या संडासातला फ्लश रात्रभर बारीक गळत असेल तरी तेच, टाकी लवकर रिकामी आणि मोटर पुन्हा चालू. प्लंबरचं काम लाईट बिलात दिसतं ते असं.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. रीडिंग घ्यायला महिन्याला माणूस येतोच. ‘अर्थ’चा दिवा त्याच्या डोळ्यासमोर असतो. तो लागला असेल तर घरातल्यांना दाखवावा, आणि बिलावर ठळक छापावा, इथल्या घरातल्या आजीला वाचता येईल अशा मराठीतही. त्यात कुणाचं काही जात नाही. बिलावरचं कन्नड वाचता येत नाही म्हणून कितीतरी म्हातारी माणसं रक्कम तेवढी बघून कागद देवघरामागे खोचून ठेवतात; मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, मंजूर भार, काहीच बघत नाहीत. दार बंद होतं म्हणून सरासरीने लावलेलं बिल आणि पुढच्या महिन्यात एकदम आलेला फरक त्यांना कळतच नाही. नातवंडांनी निदान मीटरचा फोटो महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला काढून ठेवावा.

दुसरी मागणी माझ्याच धंद्यातल्या पोरांकडे. जवळचा न्यूट्रल उचलू नका रे. ज्या बोर्डाचा फेज, त्याच बोर्डाचा न्यूट्रल. चार मीटर वायर जास्त लागली तर गिऱ्हाईकाला सांगून लावा, सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. ईएलसीबी पडत असेल तर कारण सापडल्याशिवाय त्याला हात लावू नका.

आणि ज्यांच्या घरात मधे वाटणीची भिंत आहे, भाडेकरू आहे, किंवा मागे मागाची खोली आणि तिचं वेगळं मीटर आहे, त्यांनी मीटर तपासणीचा अर्ज देण्याआधी वायरमनला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती धरून करंट मोजायचं यंत्र, घेऊन बोलवा. दोन्ही वायरी, फेज आणि न्यूट्रल, एकत्र क्लॅम्पच्या जबड्यात धरायला सांगा. घरातली वस्तू चालू असताना आकडा शून्य यायला पाहिजे. एकदा तुमच्या मीटरपाशी बघा, एकदा पलीकडच्या. पलीकडच्यांनाही त्या वेळी बोलावून घ्या, त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे.