'कट्यार'वरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा लांबलंय

नमस्कार ताई,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की 'कट्यार काळजात घुसली'च्या सिनेमापेक्षा मूळ संगीत नाटक मोठं, असं मी लेखात म्हणणं हा निव्वळ जुन्याचा हट्ट आहे, सिनेमा आला नसता तर तुमच्या मुलाने आयुष्यात नाट्यपद ऐकलं नसतं, आणि "ज्यांना गाणं कळत नाही त्यांच्यासाठी सिनेमा" हे माझं वाक्य तुम्हाला लागलं. ते वाक्य मी मागे घेतोय. चुकलंच माझं ते. माझी स्वतःची भाची २०१५च्या दिवाळीत सिनेमा बघून आली आणि पुढचे दोन महिने घरात 'सूर निरागस हो' चालू होतं, तिला गाणं कळत नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

जुन्याचा हट्ट मात्र मला मान्य नाही. मुळात हे नाटक १९६७चं, संगीत नाटकाच्या हिशोबात तसं नवंच. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८०चं, त्यात दोनशेच्या वर पदं होती. 'कट्यार'चे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा, त्यांनी १९६४ला 'मत्स्यगंधा' नाटकापासून पदं आटोपशीर केली, रात्रभर चालणाऱ्या नाटकाचा जमाना संपलाय हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणजे काटछाट करायची, काळाप्रमाणे बदलायचं हे नाटकवाल्यांनीच आधी केलंय, त्यामुळे सिनेमात पदं छोटी केली, शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी घातली याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. 'दिल की तपिश' मी आजही गाडीत लावतो.

माझं म्हणणं एकाच गोष्टीबद्दल आहे आणि ती आधीच्या लेखात मला नीट मांडता आली नाही. गळा. नाटकात जो माणूस चिडतो तोच गातो. माझ्या आईने वसंतराव देशपांड्यांचं 'कट्यार' तीनदा पाहिलंय, ती कायम सांगायची की खाँसाहेब, म्हणजे नाटकातले पंडितजींचे प्रतिस्पर्धी गवई, आधी बोलत असतात आणि बोलता बोलता कधी गायला लागतात ते समजतच नाही. मला ते खरं वाटायचं नाही, म्हटलं आठवणीत सगळंच मोठं होतं. मग २०१०ला नव्या संचात नाटक परत आलं, वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब आणि दिग्दर्शन सुबोध भावेंचं, आणि मी पुढून तिसऱ्या रांगेत बसून पाहिलं तेव्हा पटलं. तावातावाचं वाक्य संपतं, छाती अजून वरखाली होतेय, आणि त्याच अपुऱ्या श्वासावर माणूस पहिला सूर लावतो, तबलजी ठेका धरायच्या आधी त्याच्याकडे मान वर करून बघतो, आणि तेवढ्या क्षणभरात अख्खं थिएटर गप्प. सूर हलला तर सगळ्यांसमोर हलणार, रिटेक नाही. हा माणूस घराण्यासाठी आणि राजगायकाला मिळणाऱ्या मानाच्या त्या कट्यारीसाठी एवढा का जळतो हे मला तिथे संवादापेक्षा त्या श्वासातनं जास्त कळलं.

सिनेमात खाँसाहेबांचा संताप सचिन पिळगावकरांचा आणि तान राहुल देशपांड्यांची, पंडितजींचा शिष्य सदाशिव सुबोध भावे आणि गळा महेश काळेंचा. दोन्ही बाजू उत्तमच आहेत. सचिननी डोळ्यांतनं जे काम केलंय ते मला फार आवडलं, आणि महेश काळेंना 'अरुणि किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो अगदी योग्य होता. पण मध्ये एक बारीक सांधा राहतो आणि मला तो दिसत राहतो, काय करू. आता गंमत बघा, सिनेमात पंडितजी म्हणजे शंकर महादेवन, ते स्वतःच गातात, आणि मला सिनेमातले सगळ्यात खरे वाटलेले प्रसंग नेमके त्यांचेच आहेत, खरं तर ते काही मुरलेले नट नव्हेत. तुम्हीही लिहिलंय ना की पंडितजींचा आवाज जातो तिथे तुम्हाला रडू आलं? मलाही आलं. मला वाटतं त्याचं कारण हेच असावं, जो गळा जातो तो आपण त्याच माणसाच्या तोंडून थोड्या वेळापूर्वी ऐकलेला असतो.

सिनेमामुळे लोक नाटकाकडे वळले हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी ते लेखात लिहायलाच हवं होतं. तुमच्या मुलाला 'घेई छंद मकरंद' पाठ आहे म्हणालात, तर त्याला एक काम सांगा, नाटकातली त्याची दोन्ही रूपं लागोपाठ ऐकायला लावा, पंडितजींच्या घराण्याचं आणि खाँसाहेबांचं, शब्द तेच आणि चाल पूर्ण वेगळी, अख्खं भांडण त्यात आहे. आणि तुमच्या गावात कुठल्याही संगीत नाटकाचा प्रयोग लागला तर त्याला घेऊन जा, तिकीट काढताना ऑर्गन-तबला कुठल्या बाजूला बसतात ते विचारा आणि त्याच बाजूच्या पुढच्या खुर्च्या घ्या, तिथून तबलजीची मान दिसते.