रात्रीच्या गाडीत जागं कोण?

२०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या अगदी जवळून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच सूर होता: तिकडे इंग्लंडात बघा, दारं बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी, डाँकास्टरहून लंडनला निघालेल्या गाडीत सुरेहल्ला झाला, दहाएक जण जखमी झाले. लगेच त्याच ग्रुपवर दादाने लिहिलं, "तुमच्याकडेही हेच? मग या की परत."

मी पीटरबरोला राहते. ती गाडी आमच्या स्टेशनातून सुटली आणि मग हे सगळं सुरू झालं. लंडनहून रात्री उशिरा घरी येण्याची माझी लाइन हीच, त्यामुळे मला दादाचा टोमणा लागला नाही. लागलं ते वेगळंच. जूनमध्ये आम्ही स्वर्गात होतो आणि नोव्हेंबरमध्ये नरकात, आणि दोन्ही वेळा मोजमाप एकच: दार, कॅमेरा, पोलिसांची गाडी किती मिनिटांत आली. त्या गाडीची दारं व्यवस्थित बंद होती हो. बंद दारांनी माणूस बाहेर पडायचा थांबतो. आत जे चाललंय त्यातून त्याला सुटताही येत नाही.

मग त्या संध्याकाळी उपयोगी काय पडलं? एक, ड्रायव्हरने गाडी मधेच शेतात उभी केली नाही. ती जलद मार्गावर होती, हंटिंगडनला थांबणार नव्हती. त्याने सिग्नलवाल्यांशी बोलून ती धीम्या मार्गावर घेतली आणि फलाटाला लावली. तिथे हत्यारी पोलीस आले आणि पहिल्या फोनपासून आठ मिनिटांत अटक झाली. दुसरं, गाडीतला एक कर्मचारी हल्लेखोराच्या आडवा गेला, जिवावर बेतेपर्यंत जखमी झाला, पण प्रवासी वाचले.

आपल्याकडे साखळी ओढली की ब्रेक लागतो आणि गाडी जिथे असेल तिथे उभी राहते, कसाऱ्याच्या घाटात का होईना. इथल्या नव्या गाड्यांत प्रवाशाने आणीबाणीचं हँडल ओढलं की ड्रायव्हरला कळतं, त्याला प्रवाशाशी बोलता येतं आणि ब्रेक रोखून गाडी पुढच्या फलाटापर्यंत नेता येते. रात्रीच्या अंधारात हा फरक फार मोठा आहे. पण तो फरकही शेवटी शुद्धीवर असलेल्या, निर्णय घेणाऱ्या माणसावर येऊन थांबतो.

आणि नेमका तोच माणूस इथे कमी होत चाललाय. आमच्या लाइनवर दोन तऱ्हेच्या गाड्या आहेत. जलद गाडीत गार्ड असतो, डब्यांतून फिरतो, तिकीट बघतो. धीम्या गाडीत ड्रायव्हर पुढे आणि त्याच्या मागे डब्यांची लांबलचक रांग, त्यात रेल्वेचं कुणीच असेल असं नाही. एकट्या ड्रायव्हरवर गाडी चालवायची ही पद्धत इथे १९८०च्या दशकात आली. २०१६ पासून लंडनच्या दक्षिणेला गार्डच्या कामावरून मोठे संप झाले. प्रवासी वैतागले, वर्तमानपत्रांनी युनियनला झोडपलं. मीही तेव्हा "काय कटकट आहे" असंच म्हणत होते, सगळे म्हणत होते. पण २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या स्टेशनांवरच्या तिकीट खिडक्या बंद करायचा घाट घातला गेला तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास लोकांनी लेखी मतं पाठवली, सरकारला माघार घ्यावी लागली. तिकीट काढायला यंत्र चालतं. रात्री अकरा वाजता निर्मनुष्य फलाटावर यंत्राच्या शेजारी उभं राहून कुणाला बरं वाटतं?

डोंबिवलीकर बायकांना हे सांगायला नको. घरच्या वादात "लेडीज डबा आहे म्हणून आपण सुरक्षित" हे वाक्य हमखास येतं, आणि ते बहुधा पुरुष बोलतात. रात्रीच्या लोकलने येणाऱ्या बायका काय करतात ते बघा. साडेबाराची कल्याण. लेडीज डब्यात डोकावायचं. खाकीतला शिपाई बसलेला दिसला तर चढायचं. डबा रिकामा असेल तर पर्स छातीशी धरून शेजारच्या जनरलमध्ये घुसायचं, चार पुरुषांची कुरकुर ऐकायची आणि कोपऱ्यात उभं राहायचं. दिवसा लेडीज डबा म्हणजे श्वास घ्यायला जागा. मध्यरात्री तोच डबा रिकामा असला तर भीती. पाटी तीच असते, आतली माणसं बदलतात.

ब्रिटनलाही हे एकेकाळी शिकावं लागलं. १८६४ मध्ये लंडनच्या गाडीत पहिल्या वर्गाच्या कंपार्टमेंटमध्ये एका बँकवाल्याचा खून झाला. तेव्हा कंपार्टमेंट म्हणजे बंद खोली, कॉरिडॉर नाही, ओरडलं तरी ऐकणार कोण? त्यानंतर १८६८ च्या कायद्याने वीस मैलांहून जास्त न थांबता धावणाऱ्या गाड्यांत प्रवाशाला कर्मचाऱ्यांपर्यंत इशारा पोचवायची सोय सक्तीची झाली. तरीही कॉरिडॉर नसलेले डबे शंभर वर्षांवर टिकले. १९८८ मध्ये ऑर्पिंग्टनहून लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनला जाणाऱ्या गाडीत अशाच डब्यात एका तरुणीचा खून झाला, तोही दुपारी. खुनी आजवर सापडलेला नाही. मधल्या काळात, १९७७ मध्ये, ब्रिटिश रेल्वेने बायकांसाठीची वेगळी कंपार्टमेंटं बंद करून टाकली होती. २०१५ मध्ये मजूर पक्षाच्या नेतेपदासाठी उभ्या असलेल्या जेरेमी कॉर्बिन यांनी बायकांसाठी वेगळ्या डब्यांचा विचार करू म्हटलं तेव्हा त्यांच्याच पक्षातल्या बायका तुटून पडल्या: गुन्हा पुरुषांनी करायचा आणि कोंडून आम्ही घ्यायचं का? मला दोन्ही बाजू पटतात. पण माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण मुंबईच्या लेडीज डब्याला "मागासलेपण" म्हणाली तेव्हा मी तिला सकाळच्या आठ-बावीसच्या फास्टमध्ये एकदा चढून दाखव म्हटलं.

माझ्या मताला एक वाईट अपवाद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये, पालघरच्या अलीकडे-पलीकडे पहाटे, रेल्वे सुरक्षा दलाच्याच शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. गणवेश म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे. त्याच्यावर कुणाची नजर आहे, हा प्रश्न उरतोच. पण म्हणून डबाच रिकामा ठेवा, असं उत्तर त्यातून निघत नाही.

दादाची मुलगी आता लीड्सला शिकायला येणार आहे. "आत्या, रात्री ट्रेनने फिरायला भीती नाही ना?" असं तिने विचारलं. मी तिला लिहून पाठवलं ते असं. रात्री दोन पौंड जास्त पडले तरी गार्ड असलेली गाडी घे, आणि चढल्यावर तो कुठे बसतो ते बघून ठेव. गाडी अर्धी रिकामी झाली की आपला डबा सोड, जिथे कुटुंब किंवा दोन-चार बायका आहेत तिथे जाऊन बस, लाजायचं काही कारण नाही. डब्याचा क्रमांक बसल्या बसल्या वाचून ठेव. कुणी त्रास द्यायला लागला तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज पाठवता येतो, फोन कानाला लावायला लागत नाही. ते विचारतात तू कुठल्या डब्यात आहेस, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेव्हा काही आठवत नाही. जिवाचा प्रश्न असेल तर मात्र मेसेज नको, आणीबाणीच्या ९९९ ला फोन कर. दोन्ही कानांत इअरफोन नकोत. फलाटावर उजेडात, मदतीच्या बटणाच्या खांबापाशी उभी राहा.

दादाने ते वाचलं. "यातलं अर्धं तर तुझी वहिनी गेली वीस वर्षं करतेय," म्हणाला. बरोबर आहे. मग मुंबईच्या नव्या लोकलवर चाललेल्या वादात वहिनीला कुणी विचारलंय का? मुंब्र्यानंतर रेल्वेने स्वयंचलित दारांबरोबर असंही जाहीर केलं की नव्या बिगर-एसी गाड्यांचे डबे आतून जोडलेले असतील, म्हणजे गर्दी पांगेल. गर्दीच्या वेळी ते चांगलंच. पण डबे आतून जोडले तर लेडीज आणि जनरलच्या मधल्या भिंतीचं काय? ती काढणार, की तिथे दार बसवणार? रात्री त्या दाराला कुलूप लागणार का? लागलं तर रिकाम्या डब्यातल्या बाईने पळायचं कुठे, आणि नाही लागलं तर त्या दारापाशी रात्री नऊनंतर बसणार कोण? दार किती सेकंदांत बंद होतं यावर ग्रुपवर भांडण्याआधी दादाने हे विचारावं, असं मी त्याला कळवलंय.