जरा सरका, फोटो काढायचाय

ऑस्ट्रियातलं हालश्टाट हे डोंगर आणि तळं यांच्या चिमटीत सापडलेलं गाव. वस्ती जेमतेम साडेसातशे, आणि ऐन हंगामात दिवसाला दहा हजारांपर्यंत पाहुणे. १८९० पर्यंत इथे धड रस्ताच नव्हता, येणंजाणं बोटीनं. तो रस्ता करणाऱ्यांवर आजचे गावकरी नक्की खार खाऊन असतील.

रेल्वे स्टेशन अजूनही तळ्याच्या पलीकडे. गाडीतून उतरलं की बोट पकडायची. सोबत आत्या, तिची अख्खी नोकरी लोकलनं ठाणे-सीएसटी करण्यात गेलेली. मी बॅगा मोजेपर्यंत ती बोटीत खिडकीपाशी पर्स पसरून बसलेली होती.

खरी कसोटी फोटोच्या जागेशी. चर्चचा निमुळता मनोरा, एकावर एक चढलेली लाकडी घरं आणि खाली पाणी, हे सगळं एका चौकटीत मावणारी जागा एकच. लोकांना वैतागून गावानं २०२३ मध्ये तिथे चक्क लाकडी कुंपण घातलं होतं. ओरड झाल्यावर काढलं. मला ते कुंपण हवं होतं, म्हणजे माझी सुटका झाली असती.

"तो लाल टोपीवाला जाऊ दे," आत्या म्हणाली. तो गेला, तर एक नवरानवरी आली, पांढऱ्या पायघोळ झग्यासह. झगा आवरेस्तोवर ढग आले. शेवटी कसाबसा फोटो निघाला.

"यात गावच जास्त आलंय रे. मी कुठाय?"

तिथून चर्चमागच्या अस्थिघरात गेलो. स्मशान एवढंसं, म्हणून पूर्वी काही वर्षांनी थडगं उघडून नव्या माणसाला जागा करायचे. जुन्याची कवटी उन्हात वाळवून तिच्यावर नाव नि फुलं रंगवायचे. अशा सहाशेच्या वर रंगीत कवट्या फळ्यांवर ओळीनं मांडल्यात. कपाळावरून हिरव्या पानांचा वेल, खाली नाव. मला क्षणभर गहिवरून आलं. आत्या सोसायटीची माजी सेक्रेटरी.

"बघ! मुदत संपली की जागा खाली. कटकट नाही, कोर्ट नाही. आपल्या तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू इथे आणायला हवा."

"आत्या, हळू बोल."

"कोणाला ऐकू जाणारे?"

परतीच्या बोटीची रांग पार वळणापलीकडे गेली होती. वेळ जावा म्हणून मी तिला सांगितलं, की चिनी लोकांनी या गावाची हुबेहूब नक्कल ग्वांगडोंगमध्ये बांधलीय, २०१२ पासून लोकांसाठी खुली आहे. तिनं पुढची रांग बघितली, मागची बघितली.

"आणि हे तू मला तिकिटं काढल्यावर सांगतोयस?"