ट्रकखाली येण्यापूर्वी

आपल्याकडे लग्न ठरवताना पत्रिका बघतात, जमीन घेताना सातबारा बघतात, पण ट्रकखाली जाताना कोणी काही बघत नाही. समोर येईल त्याच्याखाली जातात. मग मागे राहिलेली मंडळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या बाकावर वर्षानुवर्षं बसून हा बेफिकीरपणा निस्तरतात. तुम्ही सुज्ञ आहात, तेव्हा थोडं नियोजन करा.

सगळ्यात आधी ट्रक पारखून घ्या. विमा असलेलाच घ्या. मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे आणि तो नसेल तर पहिल्या खेपेला दंड आहे २,००० रुपये. वर्षाचा हप्ता किती बसतो हे कोणत्याही ट्रकमालकाला विचारा, म्हणजे काही मालक दंडाचाच पर्याय किफायतशीर का मानतात ते कळेल. परमिट, फिटनेस, ड्रायव्हरचा बॅज हेही धावत्या ट्रकच्या काचेतून डोकावून तपासून घ्या. नंतर विमा कंपनी तपासणारच आहे, आणि तिला त्यात काही सापडलं तर तिचा आनंद तुम्हाला बघवणार नाही.

जागेची निवडही महत्त्वाची. पुण्याच्या लोकांची सोय चांगली आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे लांबलचक उतार आहे आणि त्यावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची रीत आहे. कोणी कोणी तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, दोनचारदा पाय दाबला की ब्रेकची हवा संपते, आणि मग पंचनाम्यात लिहिलं जातं ‘ब्रेक फेल झाल्याने’. जणू ब्रेक नापास झाला, चालवणारा पास. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच उतारावर एका ट्रकने एका झटक्यात डझनावारी गाड्या ठोकल्या. वाचलेल्या डिझेलचा हिशेब मात्र कुठे छापून आला नाही.

उभ्या ट्रकलाही कमी लेखू नका. पंक्चर झालेला ट्रक भर रस्त्यात, दिवे बंद, मागे चार दगड आणि बाभळीची एक फांदी. ही आपली राष्ट्रीय सुरक्षा चिन्हं. रात्री मोटारसायकलवरून त्यात घुसलात की युक्तिवाद तयार असतो : ट्रक तर उभा होता, आला तो तुम्हीच. मग तुमच्या निष्काळजीपणाचे टक्के काढले जातात आणि भरपाईतून तेवढी रक्कम कापली जाते. फांदीला मात्र कोणी टक्के लावत नाही.

काहीही झालं तरी पडता पडता नंबर वाचा. हे जमलं नाही तर तुम्ही ‘अज्ञात वाहना’खाली गेलात, आणि अज्ञात वाहनाखाली गेलेल्या माणसाचा सरकारी भाव ठरलेला आहे : मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००. नाक मुरडू नका, १ एप्रिल २०२२ पूर्वी हाच भाव २५,००० आणि १२,५०० होता. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा असतो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, त्यामुळे तिथे गर्दी नसते. एकट्या २०२२ मध्ये देशात हिट अँड रनचे ६७ हजारांवर अपघात नोंदले गेले आणि भरपाई मागायला आलेली कुटुंबं इतकी थोडी की जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच नवल वाटलं. शेवटी पोलिसांनीच नातेवाइकांना ही योजना सांगावी असा आदेश द्यावा लागला. बाकी नंबर वाचणं सोपं नाही. पाटीवर चिखल असतो. ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र स्वच्छ वाचता येतं, जे लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासूनच मनाई आहे.

ट्रकचं झालं, आता तुमचं. तुम्ही कोण आहात यावर सगळं अवलंबून आहे, आणि याबाबतीत बहुतेक लोक अगदी गबाळे असतात.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात वयाचं कोष्टक घालून दिलं आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात ते पक्कं केलं. वर्षाच्या कमाईला ज्याने गुणून भरपाई काढतात तो गुणक पंचविशीपर्यंत १८, मग १७, १६ असा उतरत उतरत पासष्टीच्या पुढे ५. म्हणजे जायचंच तर लवकर जा. पण फार घाई करून अविवाहित जाऊ नका. अविवाहिताचा निम्मा पगार ‘त्याने स्वतःवरच उडवला असता’ असं धरून कापतात. बायको, दोन मुलं आणि आई मागे असेल तर फक्त चौथा हिस्सा कापला जातो.

हिशेब करूनच बघा. वय तीस, कायम नोकरी, पगार महिना २०,०००. वर्षाचे २ लाख ४० हजार, भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवले की ३ लाख ६० हजार. अविवाहित असाल तर निम्मे गेले, सतराने गुणा, ३० लाख ६० हजार. चौघांचा संसार मागे असेल तर ४५ लाख ९० हजार. दोन्हींत फरक १५ लाख ३० हजारांचा. तुमच्या आईने इतकी वर्षं लग्नासाठी तगादा लावला, त्यात एक दूरदृष्टी होती हे आता मान्य करा.

हाच माणूस मंडईत भाजी विकत असेल, कमाई तेवढीच असेल, पण कागद नसेल तर? मग न्यायाधिकरण अंदाज बांधतं. समजा महिना आठ हजार धरले. स्वतःचा धंदा म्हणून वाढ ५० ऐवजी ४० टक्के, चौथा हिस्सा वजा, गुणिले सतरा : १७ लाख १३ हजार ६००. माणूस तोच, ट्रक तोच, चाकही तेच. म्हणून रस्ता ओलांडण्यापूर्वी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं भरलेली असावीत. टॅक्स बसत नसला तरी भरा. हयातीत सरकारला खरी कमाई सांगायची नाही आणि गेल्यावर कोर्टाला पटवायची, ही कसरत विधवेला झेपत नाही.

घर सांभाळणाऱ्या बाईंनी तर वेगळीच तयारी ठेवावी. पगारपत्रक कोण देणार? २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली, तेव्हा ती मोठीच कदर मानली गेली. पुढे न्यायालयं बरीच उदार झाली, २०२१ मध्ये तर घरकामाला आर्थिक मोल आहेच असं स्पष्ट सांगितलं. तरी उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील विचारू शकतात : ‘म्हणजे तुमच्या पत्नी काहीच करत नव्हत्या?’ नवऱ्याने इथे खरं सांगावं. अनेकांना ते पहिल्यांदाच सांगावं लागतं.

वऱ्हाड आणि ऊसतोड यांच्याबद्दल खास सूचना. मालवाहू टेम्पोत मागे उभं राहून लग्नाला जाणाऱ्या पाहुण्यांचा भार विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगून ठेवलं आहे. फुकट प्रवासी म्हणजे विम्याच्या लेखी कोणीच नाही. मात्र १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी गाडीत असेल तर तो विम्यात बसतो. तेव्हा टेम्पोत चढताना प्रत्येकाने एखादं बोचकं घट्ट धरावं आणि ‘हा माझा माल’ असं चारचौघांत म्हणावं. नवरदेवाने आहेराची भांडी धरावीत. बीडहून कारखान्यांकडे निघालेल्या कोयत्यांच्या, म्हणजे ऊसतोड जोडप्यांच्या, गाडीत भांडी, पोरं, शेळ्या सगळं असतं. त्यातली शेळी माल आहे याबद्दल दुमत नाही. पोरांबद्दल कोर्टात वाद होऊ शकतो.

आता जबाबदारी कोणाची, या मजेशीर भागाकडे येऊ.

ट्रक एकच असतो, पण त्याची माणसं मोजायला बसलात तर संध्याकाळ होते. ड्रायव्हर म्हणतो, मालकाने पोहोचायची वेळ दिली होती. मालक म्हणतो, गाडी ट्रान्सपोर्टवाल्याकडे लावली होती. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, आम्ही फक्त बुकिंग करतो. आणि आरसीवर चौथ्याच माणसाचं नाव निघतं, ज्याने तीन वर्षांपूर्वी गाडी विकली, मालकी बदलाच्या कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या केल्या आणि पेढे वाटले. वाचकांत असे कोणी असतील तर त्यांचं अभिनंदन : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं आहे की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी मधे कितीही हातांतून गेली असू दे. म्हणजे तुम्ही घरी टीव्ही बघत बसलेले असताना, न पाहिलेल्या ड्रायव्हरने, न पाहिलेल्या गावात केलेल्या अपघाताची नोटीस तुम्हाला येऊ शकते. आरटीओतल्या एजंटचे दोनचार हजार वाचवल्याचं समाधान मात्र कोणी हिरावून घेणार नाही.

ड्रायव्हर कोण होता, हाही श्रद्धेचा विषय आहे. बघणाऱ्यांनी क्लीनरला उतरून पळताना पाहिलेलं असतं. ठाण्यात हजर होतो तो लायसनवाला सज्जन, स्वच्छ दाढी केलेला, अंगावर ओरखडा नाही. त्याच्याशी वाद घालू नका. त्याचं लायसन चालू असेल तर तुमचाच फायदा आहे. विमा कंपनीची पळवाट बंद होते. लायसन खोटं निघालं तरी फार घाबरू नका. कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. वसुलीला गेलेल्या माणसाला मालक कुठे सापडतो, तो आपला प्रश्न नाही.

खऱ्या ड्रायव्हरवर मात्र मला फार चिडता येत नाही. कायद्याने त्याच्या कामाचे तास दिवसाला आठ. हा विनोद कोणत्याही ढाब्यावर सांगून बघा, लोक चहा सांडतील. नव्या भारतीय न्याय संहितेत माणसाचा जीव घेऊन पोलिसांना कळवल्याशिवाय पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिली, जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ ला सगळी संहिता लागू झाली ती तेवढं एक पोटकलम बाजूला ठेवून. ज्याने वीस तास गाडी चालवायला लावली त्याच्यासाठी पोटकलम लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे ते बाजूला ठेवायचीही वेळ आली नाही.

ट्रकची काळजी करू नका. तो सुपुर्दनाम्यावर, म्हणजे ‘मागाल तेव्हा हजर करतो’ अशा लेखी हमीवर, लवकरच सुटतो. मालाला उशीर झालेला चालत नाही.

तुमच्या घरच्यांना मात्र वेळेचं भान हवं. १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत दाखल करायचा, अशी तरतूद परत आली आहे. १९९४ मध्ये मुदत काढून टाकली होती, बहुधा लोकांना फार सैल वाटत असावं. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू’ म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना तेरावं झाल्या झाल्या गावी पाठवा. दावा अपघात झाला तिथेच टाकावा असंही नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येतो. खरं तर पोलिसांनीच ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आणि तोच दावा म्हणून धरता येतो, अशी व्यवस्था आहे. ठाण्यात जाऊन याची चौकशी जरूर करा. अंमलदारालाही नवीन माहिती मिळेल.

वकील शोधायला कुठे जायचं कारण नाही. तो शवागाराबाहेरच भेटतो, म्हणजे त्याचा माणूस भेटतो. खांद्यावर हात ठेवून ‘एक पैसा देऊ नका, क्लेम आला की बघू’ म्हणतो. या ‘बघू’चे टक्के नंतर कळतात. निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे, पण तो माणूस वकील कुठे आहे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना आणि मुलांना उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं. त्याचं कार्यालय बहुधा त्याच कोर्टाच्या आवारात असतं. पण तिथून कोणी शवागारापर्यंत चालत येत नाही.

पुढे लोकअदालत येईल. कंपनीचे अधिकारी फार गोड बोलतील. ‘ताई, पंचेचाळीस कशाला, अठ्ठावीसवर मिटवू, महिन्यात पैसे खात्यात.’ सही केलीत की विषय संपला, त्यावर अपील नाही. नाही म्हणालात तर निकाल लागेल, आणि कंपनी उच्च न्यायालयात जाईल. अपील घेऊन जाताना कायद्याने तिला भरायचे असतात २५,००० रुपये किंवा मंजूर रकमेच्या निम्मे, यातलं जे कमी असेल ते. पंचेचाळीस लाखांच्या निकालात कमी काय, हे काढायला वकील लागत नाही. स्थगिती हवी असेल तर कोर्ट बहुधा पूर्ण रक्कम भरायला लावतं, पण ती कोर्टात पडून राहते. त्यातली थोडी काढायची तर अर्ज करा आणि सांगितलं तर जामीनदार आणा. जामीनदार कुठून आणायचा असा प्रश्न पडला तर ट्रकमालकाला विचारा. ट्रक सोडवताना त्याला दोन दिवसांत मिळाला होता.