शून्य आलं म्हणून कनेक्शन तुटत नाही

"सॉकेटमध्ये किती डेटा वाचायचा राहिलाय ते एफआयओएनरीडला विचारा. येईल तो आकडा म्हणजे मेसेज, आणि शून्य आलं की कनेक्शन तुटलं." सॉकेट म्हणजे प्रोग्रामचं नेटवर्कवरचं टोक, एफआयओएनरीड म्हणजे त्यातले न वाचलेले बाइट विचारणारा कॉल; ही टीप फिरत फिरत आता टीममधल्या नव्या मुलीच्या कोडमध्येही येऊन बसली आहे, वर 'टेस्ट पास आहे' हे प्रमाणपत्र!

आधी ते शून्य. लिनक्सवर टीसीपी (बाइटांचा सलग प्रवाह पोचवणारा प्रोटोकॉल) सॉकेटला हा कॉल केला की रिसीव्ह बफरमध्ये, म्हणजे आलेला डेटा वाचेपर्यंत ठेवायच्या जागेत, पडून असलेले बाइट मोजून मिळतात, बस. समोरचा गप्प असला तरी शून्य, आणि त्याने क्लोज केलं, आपलं सगळं वाचून झालं, तरीही शून्यच. म्हणजे समोरच्याने दोन सेकंद दम खाल्ला की तुम्ही चांगलं चालू कनेक्शन मोडणार. उलट, शेवटचे 40 बाइट टाकून तो निघून गेला असेल तर आकडा 40, आणि तुमच्या लेखी कनेक्शन ठणठणीत! फरक हवाच असेल तर एमएसजी_पीक (डेटा न काढता नुसतं डोकावणं) आणि एमएसजी_डोंटवेट (वाट न पाहणं) लावून एका बाइटचा रिसीव्ह करा. 0 आला तर समोरून बंद. उणे 1 आणि ईअगेन ('आत्ता काही नाही, पुन्हा विचार' हा एरर) आलं तर नुसता डेटा यायचाय.

यूडीपीवर (सुटी पाकिटं पाठवणारा प्रोटोकॉल; एक पाकीट म्हणजे एक डेटाग्राम) हा प्रकार आणखी हास्यास्पद, कारण तिथे 0 बाइटचा डेटाग्रामही वैध असतो. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये यूडीपीच्या पानावर सरळ इशारा आहे: रांग रिकामी आहे की पुढे 0 बाइटचा डेटाग्राम उभा आहे, हे या कॉलने ओळखणं अशक्य; सिलेक्ट, पोल किंवा ईपोल (सॉकेटवर वाचण्यासारखं काही आलं की उठवणारे कॉल) वापरा. टीप पुढे ढकलण्याआधी तेवढं एक पान उघडायचं होतं.

'आकडा म्हणजे मेसेज' हे यूडीपीपुरतं खरं, मान्य. लिनक्स तिथे फक्त पुढच्या डेटाग्रामचा आकार सांगतो. टीसीपीला मेसेज माहीतच नाही. 100 आणि मग 50 बाइट पाठवा: टीसीपी 150 म्हणेल, यूडीपी 100. आता 30 बाइट वाचा. टीसीपीवर 120 उरतात; यूडीपीवर त्या डेटाग्रामचे उरलेले 70 गेले वाऱ्यावर, आकडा येतो 50. टेस्टमध्ये हे चार आकडे नसतील तर ती काय तपासते?

शिवाय सेंडनंतर लगेच आकडा विचारू नका. लूपबॅकवर, म्हणजे मशीन स्वतःशीच बोलतं तेव्हा, बहुतेक वेळा तो तयार असतो, म्हणूनच अशी टेस्ट कधीतरीच पडते आणि कोणी मनावर घेत नाही. नुसता पोलही पुरत नाही, तो पहिल्या बाइटलाच उठवतो. टीसीपीवर 150 भरेपर्यंत, मुदत घालून, पुन्हा पुन्हा विचारा.

लिसन करणाऱ्या (नव्या कनेक्शनची वाट पाहणाऱ्या) टीसीपी सॉकेटवर ईइनव्हॅल हा एरर येतो, तोही तपासा. आणि वर टीएलएस (एन्क्रिप्शनचा थर) असेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) शून्य सांगत असताना उलगडलेले बाइट टीएलएसच्या लायब्ररीच्या पोटात असू शकतात. ती लायब्ररी ओपनएसएसएल असेल तर तिच्या एसएसएल_पेंडिंग या फंक्शनला विचारा.